खपली पडेपर्यंत

३ फेब्रुवारी, मंगळवार

ओडेटचे टॉन्सिल काढले. सकाळी दवाखान्यात नेली, दुपारी घरी आणली. परतताना मी म्हणालो, "माझ्या ट्रकचं तेल बदलायलासुद्धा लोक याहून जास्त वेळ घेतात." कोरीन हसली नाही. मागच्या सीटवर ओडेट उशीला मिठी मारून पडली होती, तीही हसली नाही. पण तिला आज सगळं माफ आहे.

गेल्या सप्टेंबरात या दोघी मायलेकी माझ्या घरी राहायला आल्या, तेव्हापासून त्या पोरीचं घोरणं ऐकतोय. वय आठ, आणि घोरणं एखाद्या म्हाताऱ्या लाकूडतोड्याचं. मध्येच श्वास थांबायचा. कोरीन अंथरुणात उठून बसायची आणि भिंतीपलीकडचा श्वास पुन्हा सुरू होईपर्यंत स्वतःचाही धरून ठेवायची. ऑपरेशनची तारीख खरं तर उन्हाळ्यातली होती. कुणाची तरी रद्द झाली म्हणून अचानक फोन आला, आणि 'नाही' कोण म्हणणार?

अडचण एवढीच की कोरीन उत्तरेकडच्या सोन्याच्या खाणीवर स्वयंपाक करते. दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. नोकरी नवी, जानेवारीतच लागलेली. पहिल्या पाळीला ओडेट त्यांच्या जुन्या गावी, हर्स्टला, मावशीकडे राहिली होती. आता इतक्या लांब नेता येणार नाही. शुक्रवारी कोरीन विमानात बसेल आणि ओडेट माझ्याकडे राहील. माझ्याकडे म्हणजे मी, अंगणापलीकडच्या घरात माझी आई, आणि पेक्का. पेक्का कुत्रा आहे. आम्हा तिघांत ओडेटला आवडतो तो पेक्का.

निघताना नर्सने सगळं नीट समजावलं. कडक काही खायचं नाही, गरम प्यायचं नाही, गरम पाण्यात बसायचं नाही, पळापळ नाही. आणि पाणी पाजा, सारखं पाजा, घसा कोरडा पडू देऊ नका. घशात पांढऱ्या खपल्या धरतील, आठवड्याभराने त्या सुटायला लागतील, तेव्हा रक्त येऊ शकतं. आलं तर थेट दवाखाना, वाट बघायची नाही. म्हणून दोन आठवडे फार लांब जाऊ नका.

"तुम्ही किती लांब राहता?" तिने विचारलं.

"फार नाही," कोरीन म्हणाली.

थंडर बेपासून आमचं घर सव्वा तासावर आहे, रस्ता साफ असेल तर. मी कोरीनकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

मग नर्स मला म्हणाली, "बाबा, तुम्ही गाडी दाराशी आणा." ओडेटने डोळे न उघडता मान हलवली आणि घोगऱ्या आवाजात कुजबुजली, "हे बाबा नाहीत. हा आर्वो."

ऑपरेशननंतरचे तिचे पहिले शब्द.


५ फेब्रुवारी, गुरुवार

पोरगी छान आहे. आईस्क्रीम खाल्लं, पेक्काला दुसरं दिलं. बोलताना दुखतं म्हणून आईने माझी लहानपणची पाटी शोधून आणून दिली. पाटीवर ओडेटने पहिलं वाक्य लिहिलं: 'आर्वो सूप पिताना आवाज करतो.' आई इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. "खरंय पोरी, याच्या बापाचंही तसंच होतं."

संध्याकाळी स्वयंपाकघरात कोरीनचं चक्र सुरू झालं. जाऊ की नको, जाऊ की नको.

"जा," मी म्हणालो. "मी घरीच आहे. माझा सुतारकामाचा कारखाना अंगणातच. आई आहे."

"तू कधी आजारी मूल बघितलंयस?"

"मी स्वतः आजारी मूल होतो."

"आर्वो, चेष्टा नको. हे बघ, काही गडबड झाली ना, तर मी नोकरी सोडीन आणि तिला घेऊन सरळ हर्स्टला परत जाईन. मग हे घर नाही, काही नाही. मला तिच्यापुढे कुणी मोठं नाही."

"कळलं."

"राग आला?"

"नाही."

खरंच राग आला नाही. विषय बदलावा म्हणून मी चूल साफ करायला लागलो. तेवढ्यात ओडेटच्या खोलीचं दार, जे मी लावलं होतं असं मला वाटत होतं, ते थोडं उघडून पेक्का बाहेर आला आणि माझ्या पायाशी बसला.


६ फेब्रुवारी, शुक्रवार

कोरीन गेली. ओडेट रडली नाही. खिडकीत उभी राहून हात हलवला, गाडी दिसेनाशी झाल्यावरही थोडा वेळ हलवत राहिली. मग पाटीवर: 'केस कोण विंचरणार?'

मी म्हणालो, "मी दोरखंडाला पीळ घालतो, वेणी काय अवघड आहे?"

वेणी वाकडी झाली. तिने आरशात बघितलं, काही लिहिलं नाही, सोडलीही नाही.

घसा आज जास्त दुखतोय बहुतेक. कानही दुखतात म्हणते. औषध हवं का विचारलं, तर मान हलवून नको म्हणाली. शहाणी आहे. औषधं कमी घेतलेली बरी.


७ फेब्रुवारी, शनिवार

कोरीनने बजावलं होतं की पाणी हा खरा मुद्दा. तो मुद्दा मी जिंकतोय. सकाळपासून सफरचंदाचा रस, दूध, स्ट्रॉबेरीचं सरबत. ग्लास भरून तिच्या उशाशी ठेवतो, कारखान्यात जाऊन दोन फळ्या रंधून येतो, तोवर ग्लास रिकामा. अगदी चाटून पुसल्यासारखा. मला वाटलं होतं मुलांना पाजायचं म्हणजे मागे लागावं लागतं. हिला नुसतं सांगितलं की झालं.

पेक्का दिवसभर तिच्या खाटेशी बसून असतो. जनावराला कळतं आजारी माणूस.

शनिवार म्हणून आईने सौना, अंगणातली वाफेची लाकडी खोली, तापवला. आम्हा फिनिश लोकांकडे माणूस जन्मतो तेव्हा आणि मरतो तेव्हाच फक्त शनिवारचा सौना चुकतो, आणि आईच्या मते तेव्हाही चुकवायची गरज नाही. ओडेट शाल गुंडाळून बसली होती, थंडी वाजते म्हणाली. आई म्हणाली, "आण तिला. वाफेने घसा मोकळा होईल. तुझा कितीदा झालाय!"

मी दाराशी थोडा थांबलो. नर्स म्हणाली होती गरम पाण्यात बसायचं नाही. पण सौनात पाणी कुठे असतं? वाफ असते. तीही खालच्या बाकावर कमीच. शिवाय पोरीला यायचं होतं, तोंडावर दिसत होतं. ती आजवर कधी आमच्याबरोबर सौनात आली नव्हती. दरवेळी 'पोटात दुखतं' म्हणायची. आज टॉवेल गुंडाळून आली आणि खालच्या बाकावर माझ्या शेजारी बसली. मधे हातभर जागा. गाल लाल झाले. थोड्या वेळाने पाटी नव्हती म्हणून बोलली, "हा बाक तू केलास?"

"हो."

"गुळगुळीत आहे."

मी बरेच बाक केलेत. त्याबद्दल इतकं चांगलं कुणी बोललेलं आठवत नाही.

संध्याकाळी कोरीनचा फोन. तिकडे जेवणं उरकल्यावरच तिला फोन मोकळा मिळतो, आवाज तुटत असतो.

"कशी आहे?"

"ठीक."

"पाणी?"

"भरपूर."

"दुखतंय का?"

"मागितलं नाही औषध."

सौनाचं सांगितलं नाही. फोनवर अर्धं ऐकू गेलं असतं आणि अर्ध्यानेच ती घाबरली असती. मग ओडेटला फोन दिला. ती म्हणाली, "ठीक आहे ममा. हो. हो. ठीक." फोन ठेवल्यावर तोंड दाबून बराच वेळ बसली. आईची आठवण येत असणार.


८ फेब्रुवारी, रविवार

पेक्काचं काय बिघडलंय कळत नाही. दिवसातून किती वेळा दार खरवडतो. सकाळी मला उठायला उशीर झाला तर पायपुसण्यावरच तळं. जेवणाकडे बघत नाही. म्हातारा झालाय, मूत्रपिंडं गेली असतील. पुढच्या आठवड्यात जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायला हवा. ओडेटला हे सांगितलं तेव्हा ती एकदम घाबरली. पाटीवर लिहिलं: 'तो मरेल का?' मी म्हणालो, नाही, म्हातारी कुत्री अशीच असतात. ती पेक्काच्या मानेत तोंड खुपसून बसली. जीव लावलाय तिने.

तिचे ओठ फुटलेत. थंडीचे असेच फुटतात, आईने लोणी लावलं. तोंडाला वास येतोय, पण तो येणार असं नर्सने सांगितलंच होतं.

आईने दुपारी कोर्पू आणले, दालचिनी लावून कडक भाजलेले ते पावाचे तुकडे, ज्यांच्यावर आमच्या घरातलं प्रत्येक मूल वाढलं. मी म्हणालो, कडक द्यायचं नाही. आई म्हणाली, "दुधात बुडवून देतेय, अक्कल आहे मला." ओडेटने एक घेतला, थोडा चावला, आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं. तरी आईकडे बघून हसली आणि अंगठा वर केला. आई खूश.

फोनवर: ठीक.


१० फेब्रुवारी, मंगळवार

मी मूर्ख आहे. हे आधी लिहून टाकतो म्हणजे पुढचं लिहिता येईल.

सकाळी स्ट्रॉबेरीचं सरबत ठेवून कारखान्यात गेलो, तर पेन्सिल घरात विसरली होती. परत आलो. ओडेटच्या खोलीचं दार अर्धं उघडं. ती खाटेच्या कडेला बसून ग्लास खाली धरून होती आणि पेक्का त्यात थोबाड घालून सरबत पीत होता. मिशा गुलाबी. शेपूट हलत होतं.

मी ओरडलो, "पेक्का!" आधी कुत्र्यावरच ओरडलो, काय सुचलं देव जाणे. पेक्का खाटेखाली. ओडेट भिंतीसारखी पांढरी.

"किती दिवस?"

तिने ग्लास पाठीमागे लपवला.

"शनिवारपासून?"

मान हलली. हो.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. तिने पाटी घेतली. 'गिळलं की काच गिळल्यासारखं होतं.'

"मग मला सांगायचं ना. औषध आहे. मी विचारलं तेव्हा नको का म्हणालीस?"

पुसलं, लिहिलं. 'तू ममाला सांगशील.'

"बरं मग?"

पुन्हा पुसलं. मग: 'गडबड झाली तर ती नोकरी सोडणार. मग आम्ही हर्स्टला जाणार.'

"तुला मावशीकडे आवडत नाही?"

'आवडतं.'

"मग?"

तिने खांदे उडवले आणि खाटेखाली बघितलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पेक्काला सोडून जायचं नाही तिला. मी म्हणालो, "हर्स्टला गेलात तरी पेक्काला भेटायला येता येईल." ती माझ्याकडे असं बघत राहिली, जणू मी काहीतरी भलतंच बोललो. मग भिंतीकडे तोंड करून झोपली.

दवाखान्याच्या फोनवर नर्स मिळाली. ती मला रागावली नाही, ते जास्त लागलं. म्हणाली, औषध मागण्याची वाट बघायची नाही, वेळ झाली की द्यायचं, आणि ते लागू पडलं की मग पाजायचं, चमच्याचमच्याने. बर्फाचे गोळे चोखू द्या. लघवी किती वेळा होते?

मला माहीत नव्हतं. मुलीला असलं काय विचारायचं, म्हणून विचारलंच नव्हतं. पाटीवर उत्तर आलं: 'काल एकदा.'

"आज संध्याकाळपर्यंत झाली नाही तर घेऊन या," नर्स म्हणाली. "आणि तुम्ही कुठे राहता?"

मी सांगितलं. तिने अंतर पुन्हा विचारून घेतलं. "उद्या बर्फ सांगितलाय. खपल्या सुटायचे दिवस आहेत. शहरात कुणी नातेवाईक असतील तर आज रात्रीच तिकडे येऊन राहिलात तर बरं."

शहरात माझी चुलतबहीण आहे. तिला लावायला मी फोन उचललासुद्धा. पण औषधाने ओडेटला आराम पडला होता, एक पूर्ण ग्लास तिने माझ्यासमोर चमच्याने संपवला, दुपारी लघवीही झाली. मग मी विचार केला, कशाला हलवायची? आत्ताच जरा डोळा लागलाय. शिवाय शहरात नेली की कोरीनला सांगावं लागणार, का नेली म्हणून. सकाळी बघू.

फोनवर आज मी म्हणालो, "ठीक आहे." ओडेट माझ्याकडे बघत होती. मी फोन तिच्याकडे दिला. ती म्हणाली, "ठीक आहे, ममा."


११ फेब्रुवारी, बुधवार

बर्फ पहाटेपासून. रेडिओवर सांगतायत की चढावर मालट्रक आडवा झालाय, महामार्ग बंद. आज शहरात जाणं नाही. सगळं शांत आहे, औषध वेळेवर चाललंय. जेवणानंतर ती सोफ्यावर झोपली. मी समोर बसून हे लिहितोय. झोपेतही एकामागून एक घोट गिळतेय, गळ्याशी स्पष्ट दिसतंय. कालपर्यंत गिळायला घाबरणारी पोर. फार बरं वाटलं बघून.


१२ फेब्रुवारी, गुरुवार, दवाखान्यात

काल वही मिटली आणि ती उठून बसली. म्हणाली, "आर्वो, पोट कसंतरी होतंय." मग उलटी. काळपट, कॉफीच्या गाळासारखी. मला वाटलं औषध. मग खोकली, आणि सोफ्यावर लालभडक पडलं. ते औषध नव्हतं.

ती रक्तच गिळत होती. मी समोर बसून बघत होतो आणि मला बरं वाटत होतं. हे मला आयुष्यभर दिसत राहणार.

फोन लावला. पलीकडच्या बाईचा आवाज एकदम सपाट, त्या आवाजाला धरून मी उभा राहिलो. "बसती ठेवा, पुढे वाकवा, आडवी करू नका. तोंडात येईल ते थुंकू दे, गिळू देऊ नका. अॅम्ब्युलन्स निघतेय, पण मालट्रकपाशी तिला वेळ लागेल. बर्फ काढणारी गाडी पुढे लावून तिला कडेने काढतोय, पण तुमच्या घरापर्यंत नाही पोचणार. तुम्ही पेट्रोल पंपाच्या फाट्यापर्यंत येऊ शकाल का? गाडी चालवायला दुसरं कुणी आहे?"

मी दारात जाऊन हाक मारली. आई अंगणातून नुसत्या घरातल्या सपाता घालून आली, पातेलं हातात घेऊनच. एकदा ओडेटकडे बघितलं, आणि खुंटीवरची माझी किल्ली घेतली.

"आई, तू या बर्फात..."

"तू पोरीकडे बघ. रस्त्याकडे मी बघते."

आईचं वय चौऱ्याहत्तर. ट्रकचं स्टिअरिंग तिच्या छातीला लागत होतं. मी मागे, ओडेटला मांडीवर बसवून पुढे वाकवलेली, तिच्या हनुवटीखाली आईचं ते सुपाचं पातेलं. काचेतून पांढऱ्याशिवाय काही दिसत नव्हतं. आई कुंपणाचे खांब मोजावेत तशी पुटपुटत चालवत होती, "ही लेहतोची टपालपेटी... हे मोडकं बर्चचं झाड... आता वळण." मी एकदा म्हणालो, "आई, हळू," आणि ती मागे न बघता म्हणाली, "हळू तुझा बाप चालवायचा."

ओडेट थुंकत होती, थरथरत होती. मध्येच माझा अंगठा धरला आणि सोडलाच नाही. "आर्वो, मी गिळलं थोडं. चुकून. मला माहीत नव्हतं गिळायचं नाही."

"तुझं काही चुकलेलं नाही."

"तू ममाला सांगणार?"

"हो," मी म्हणालो. "सगळं."

ती रडायला लागली. रडल्याने जास्त येतं, म्हणून मी तिला सांगत बसलो की सौनाचा बाक कसा करतात. अॅस्पेनचं लाकूड घ्यायचं, कारण ते तापत नाही. गाठ नसलेलं. कडा हाताने घासायच्या, यंत्राने नाही. खिळा वरून मारायचा नाही, खालून स्क्रू लावायचा, म्हणजे कातडीला चटका बसत नाही. दुसरं काही सुचलंच नाही. फाट्याशी पिवळा दिवा फिरताना दिसला तेव्हा मी कडा घासण्यापाशी तिसऱ्यांदा आलो होतो.

अॅम्ब्युलन्समध्ये आईला जागा नव्हती. ती पंपाशी सपातांवर उभी राहिली. पाय सुजलेत तिचे, आज फोनवर म्हणाली, पण ते तिने विचारल्याशिवाय सांगितलं नाही.

दवाखान्यात डॉक्टर तरुण, घाईत. पुन्हा ऑपरेशनच्या खोलीत न्यायचं, रक्त येतंय ती जागा डागून बंद करायची. "तुम्ही वडील?"

"नाही."

"आई कुठे?"

खाणीच्या ऑफिसने कोरीनला स्वयंपाकघरातून बोलवून आणलं. मागे भांड्यांचा आवाज. डॉक्टर तिच्याशी बोलले, तिने परवानगी दिली, मग फोन माझ्याकडे आला. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. कुत्रा, सौना, कोर्पू, नर्सने आदल्या दिवशी सांगितलेलं, मी न ऐकलेलं. मधे थांबलो असतो तर पुढचं राहिलं असतं.

"फोन तिच्या कानाला लाव," कोरीन म्हणाली.

काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. ओडेटने फक्त ऐकलं. मग तिला चाकांच्या खाटेवरून नेलं. दारापर्यंत मला जाऊ दिलं. तिथे नर्सला माझा अंगठा तिच्या मुठीतून एकेक बोट उलगडून काढावा लागला.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा मास्क गळ्यात होता आणि ते हसत होते. रक्त थांबलं. खूप गेलं नाही, वेळेवर आणलं. मी विचारलं, सौनाने झालं का? कोर्पूने? "सांगता येत नाही," ते म्हणाले. "सगळं नीट सांभाळूनही होतं काहींना. कोरड्या घशाने मदत मात्र झाली नसणार."

सांगता येत नाही. 'तुमच्यामुळे झालं' म्हणाले असते तर काय करायचं ते मला कळलं असतं.

आज ओडेट झोपून आहे, हातात सलाईन. झोपेत गिळली की मी उठून नर्सला बोलावतो. तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा ती म्हणाली, "ही थुंकी आहे, आर्वो. बसा." विमानं अजून बंद आहेत. कोरीन उद्या येईल.


१४ फेब्रुवारी, शनिवार

घरी आलो. कोरीन काल संध्याकाळी पोचली ती खाणीवरच्या एप्रनवरच कोट घालून. ओडेटच्या खाटेत शिरून तिला कवटाळून झोपली. माझ्याशी कामापुरतं बोलते. औषध कुठेय. टॉवेल दे. दार लाव.

सोफ्याचं कापड मी काढून जाळलं. आईने सौना तापवला नाही. न सांगताच. धूर दिसला नाही म्हणून मी तिकडे गेलो तर ती खिडकीशी बसून होती. म्हणाली, "मला वाटलं होतं वाफेने बरं वाटेल पोरीला."

"मलाही, आई."

"ती मला मुम्मु म्हणाली, ट्रकमध्ये. ऐकलंस?"

मी नव्हतं ऐकलं. आमच्यात आजीला मुम्मु म्हणतात.


१७ फेब्रुवारी, मंगळवार

ओडेट सूप खाते, वरणासारखी घट्ट पेज खाते, परवा मऊ पॅनकेकही. पाणी माझ्यासमोर पिते. मी बघत असतो म्हणून वैतागते. आवाज बदललाय. पूर्वी नाकातून यायचा, आता स्वच्छ येतो, कुणीतरी परकी मुलगी घरात बोलतेय असं वाटतं. रात्री घोरत नाही. गंमत म्हणजे तेच आता झोपू देत नाही. शांतता ऐकत पडून राहतो. कोरीनही जागीच असते.

आज दुपारी स्वयंपाकघरात ती बटाटे सोलत होती. न बघता म्हणाली, "मी तुला रोज विचारत होते."

"हो."

"रोज तू ठीक म्हणालास."

"हो."

"का?"

याचं उत्तर मी चार दिवस तयार करत होतो. ऐनवेळी एवढंच निघालं, "तू जाशील म्हणून."

सुरी थांबली. "तिला विचारलं तर तीही ठीक. घशात काच, आणि ममा, ठीक आहे! का, तर मी नोकरी सोडीन आणि आपल्याला इथून जावं लागेल." तिने मनगटाने डोळे पुसले, बटाट्याचं पाणी गालाला लागलं. "आणि मी? नर्सने विचारलं किती लांब, तर मी म्हटलं फार नाही. कारण खरं सांगितलं असतं तर त्यांनी तारीख पुढे ढकलली असती. किंवा मला जाऊ दिलं नसतं. घरात एक जण धड खरं बोलत नाही. तिघंही एकाच मापाचे."

मला वाटलं आता ती हर्स्टला जाण्याचं बोलणार. मग मीच सोपं करून दिलं. म्हणालो, "रस्ता मोकळा झालाय. हर्स्टला जायचं असेल तर मी सोडतो. ट्रकला नवी बॅटरी टाकलीय. ओडेटला पेक्काची आठवण येईल, तर त्यालाही काही दिवस घेऊन जा."

कोरीन माझ्याकडे बघत राहिली. त्या दिवशी ओडेटने बघितलं होतं अगदी तसंच.

"पेक्काची," ती म्हणाली.

"जीव लावलाय तिने."

"आर्वो, तू खरंच..." वाक्य तिने पुरं केलं नाही. हसली की रडली ते मला नीट कळलं नाही. दोन्हीला ती एप्रन तोंडाला लावते. खाणीवरून तिला आणखी एक आठवडा सुट्टी मिळालीय. त्यानंतरचं काय ते ठरलेलं नाही. मी विचारलंही नाही.

तेवढ्यात आतून ओडेटचा तो नवा आवाज आला. "कुणीतरी या ना इकडे!"

कोरीनने मान वळवली. "काय झालं? रक्त?"

"नाही गं! उशी पडली. मला वाकायचं नाही ना."

"कोण हवंय? मी की आर्वो?"

आत खाट दोनदा करकरली. विचार करत असावी.

"कुणीही."

कोरीनचे हात बटाट्याच्या पाण्यात होते. ते तिने बाहेर काढले नाहीत. दाराजवळ मी होतो. मी गेलो.